माफीचा मान

केलेराने पाटीवरचे सगळे हसरे चेहरे काढून टेबलावर ओतले. कारखान्याच्या दारातली ही पाटी तिनेच लावली होती. सकाळी आत येताना प्रत्येकीने हसरा, रडका किंवा मख्ख यांतला एक चेहरा पाटीवर चिकटवायचा, म्हणजे कामगारांच्या मनात काय चाललंय ते आपोआप कळेल, असा ऑकलंडच्या मालकांचा विश्वास होता. तिकडून पाठवलेल्या खोक्यातलं रडक्या चेहऱ्यांचं पुडकं अजून फोडलंसुद्धा नव्हतं.

“आजही सगळ्या खूश?” तिने विचारलं.

ताराइविनी दाराला टेकून उभी होती. शाळेच्या गणवेशांच्या कॉलर शिवण्यात तिचा हात धरणारं लाउटोका शहरात कोणी नव्हतं. हल्ली मात्र तिचा एक हात कायम कमरेवर असायचा.

“खूश म्हणजे काय बाई, पोट धरून हसतोय आम्ही,” ती म्हणाली. “पाटीशेजारी इलाइतियाचं टेबल. रडका चेहरा लावून त्याच्याच पुढ्यातून आत जायचं? तुम्ही जाल?”

इलाइतिया शिलाईचा सुपरवायझर होता आणि संडासाची किल्ली त्याच्या खिशात असे. मागायला गेलं की, “तो गठ्ठा संपव, मग बघू.” गठ्ठा संपला की दुसरा तयार. शेवटी बायकांनी पाणी पिणंच टाकलं. लाउटोकाचा उकाडा, वर तापलेला पत्रा, आणि घसा ओला करायचीही चोरी. ताराइविनीला दोन वेळा मशीनवरूनच तापात उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. पुन्हा असं झालं तर मूत्रपिंड हातचं जाईल, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं.

केलेराने इलाइतियाला समजावलं नव्हतं असं नाही. तो खाली मान घालून “हो बाई, चुकलं” म्हणायचा, आणि किल्ली खिशातच राहायची. तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, त्यात कामगारांचं सुख, समाधान, सगळं होतं. सुपरवायझरला हलवायचा अधिकार तेवढा नव्हता. तो मालकांचा, आणि मालकांना प्रत्येक गोष्ट कामगाराच्या तोंडून ऐकायची असे.

“परवा ऑकलंडहून मालक येताहेत, हॅलोरन साहेब,” ती म्हणाली. “डॉक्टर जे बोलला तेवढंच त्यांना सांग. पुढचं मी बघते.”

“इलाइतिया आमच्या गावच्या मोठ्या घरातला आहे, बाई. वादळात माझं घर उडालं तेव्हा त्याच्या बापाने उभं करून दिलं.”

“माहीत आहे मला.”

“तुम्हाला सगळंच माहीत असतं.” ताराइविनी हसली. मग कमरेवरचा हात तिने जरा दाबून धरला. “बरं. सांगीन.”

केलेराला इतकं हलकं वाटलं, की त्या संध्याकाळी तिने घरी जाताना बाजारातून उगाचच दोन पपया घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सुटीचा भोंगा झाला आणि तिच्या खोलीच्या दारात चपलांचा ढीग पडला. आधी एक म्हातारा आत आला. त्याच्या दोन्ही हातांवर यंगोनाच्या मुळ्यांची फीत बांधलेली जुडी होती, माफी मागायला नेतात तशी. त्याच्यामागे खाली मान घातलेला इलाइतिया, मग त्याच गावच्या पाच-सहा बायका. कोणी काही न बोलता जमिनीवर बसले. केलेराही खुर्ची सोडून खाली बसली, कारण अशा वेळी वर बसून राहणं तिला जमलंच नसतं. सगळ्यांत मागे, भिंतीला लागून, ताराइविनी होती.

केलेराने तिच्याकडे पाहिलं.

“गावच्या मोठ्यांना न विचारता कसं बोलणार होते, बाई?” ताराइविनी हळूच म्हणाली. “काल जाऊन या आजोबांच्या कानावर घातलं.”

म्हाताऱ्याने जुडी पुढे धरली आणि खालच्या, संथ आवाजात बोलू लागला. आमच्या लेकराने तुमचं मन दुखावलं. तुम्हाला राग आला तो रास्तच आहे. लेकराची चूक ती अख्ख्या गावाची चूक. आम्ही सगळे मान खाली घालून आलो आहोत. हे गोड मानून घ्या आणि झालं ते जमिनीत पुरून टाका.

जिचं मूत्रपिंड जायला आलं होतं ती माफी मागणाऱ्यांत बसली होती, आणि माफी मागितली जात होती केलेराची. यात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं. ताराइविनी गावची होती, मग ती गावाबरोबर बसणार. रागावली होती केलेरा, मग माफीचा मान तिचा.

ही माफी माझी नाही, मी घेऊ शकत नाही, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण पुढे आलेली जुडी परत पाठवलेली तिने जन्मात पाहिली नव्हती. तिच्या सख्ख्या काकाला गाडीखाली घालणाऱ्या ड्रायव्हरची जुडीसुद्धा आजीने रडत रडत घेतली होती. त्या आजीची नात म्हणून तिने हात पुढे केले. जुडी हाताला लागली आणि सगळ्यांनी ओंजळ करून एका तालात टाळ्या वाजवल्या.

“घेतली,” ती म्हणाली. “मिटलं.”

इलाइतिया हमसून रडला. ते रडणं खोटं नव्हतं, आणि केलेराला त्याचाच जास्त त्रास झाला. खोटं असतं तर निदान चिडता आलं असतं.

मग लाकडी काथवटीत यंगोनाची पूड प्यायला पाण्यात कालवली गेली. खोलीतला ताण उतरला, कोणीतरी कोणाच्या तरी जाडेपणावर विनोद केला, बायका खिदळल्या. म्हातारा मांडी मोडून ऐसपैस बसला.

“पोरगं तापट आहे,” तो मायेने म्हणाला, “पण मन साफ आहे हो. तुमच्या आधी त्या मिलिका बाई होत्या ना, त्यांच्यापुढेही असाच रडला होता. तेव्हाही मीच आलो होतो जुडी घेऊन.”

भरलेली करवंटी तेव्हा केलेराच्या हातात होती. ती एका दमात प्यायची असते. ती प्यायली.

शुक्रवारी हॅलोरन साहेब रांगांमधून हात मिळवत फिरले. कॉलरच्या मशीनपाशी आल्यावर त्यांना काहीतरी आठवलं.

“केलेरा, तू फोनवर कसली तरी तक्रार म्हणत होतीस. हीच का ती बाई?”

मशीन थांबलं. इलाइतिया चार पावलांवर उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजीचं चिन्हही नव्हतं. त्याचा केलेरावर पूर्ण विश्वास होता. पुरलेलं उकरणारी बाई, एवढं एकदा नाव झालं की लाउटोकात कोणी तिच्या आईलाही दारात उभं केलं नसतं. पण खरं सांगायचं तर तिला आईची आठवण तेव्हा झाली नाही. तिला फक्त शब्द सापडत नव्हते. आपण दिलेला शब्द मोडायला लागणारे शब्द तिला कोणी शिकवलेच नव्हते.

“ते मिटलं, साहेब,” ती म्हणाली. “आमच्या पद्धतीने.”

“छान. मला असाच कारखाना हवा होता,” साहेब म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

ते पुढे गेले तशी ताराइविनीने मशीनवरून हात काढून केलेराचा हात घट्ट धरला.

“आमची लाज राखलीत, बाई.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हात तापाने चांगलाच कढत होता.