दोष चौथा : धनगर पुढे चालतो

विश्रामबागेतील ज्या वाचनालयात मी गेली नऊ वर्षे शिपाई या पदावर सेवा करीत आहे, तेथे गतवर्षी एका प्रलयपटाचा खेळ व त्यानंतर त्याच्या गुणदोषांची चर्चा, असा कार्यक्रम योजण्यात आला होता. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु कपाटे पुसता पुसता मी पुस्तकेही वाचीत आलो, आणि ग्रंथपाल क्षमाताई यांना ते ठाऊक होते. चर्चेचे या वेळचे टिपण अर्जुना, म्हणजे मी, वाचील, असे त्यांनीच समितीस सांगितले. मी तो चित्रपट कार्यालयातील संगणकावर चार वेळा पाहिला.

चित्रपटात भूकंपाने एक धरण फुटते, सारे नदीखोरे बुडते आणि उरलेली माणसे साताऱ्याकडील एका पठाराच्या दिशेने चढू लागतात. दिग्दर्शक शिवतेज हा साताऱ्याचाच तरुण होता. गुण मी दोन ओळींत लिहिले व दोष चार पानांत, कारण जो अधिक दोष काढतो तो अधिक विद्वान, अशी माझी त्या काळी समजूत होती.

चौथा दोष असा होता. शेवटाकडे एक म्हातारा धनगर फुगलेल्या ओढ्यातून कळप पैलतीरी नेतो. तो पुढे चालतो, त्याच्या खांद्यावर कोकरू असते आणि तो एकदाही मागे वळून पाहत नाही. मी लिहिले, "मेंढरे पुढे व धनगर मागे, ही सनातन रीत होय. दिग्दर्शकाचे अज्ञान येथे उघडे पडते." एवढ्यावर मन भरले नाही म्हणून पुढे जोडले, "मी स्वतः धनगर कुळात जन्मलो व मेंढरे राखली आहेत, म्हणून हे अधिकाराने सांगतो."

त्यातील कूळ खरे होते. परंतु माझ्या वडिलांनी माझ्या जन्मापूर्वीच कळप विकला आणि ते माधवनगरला यंत्रमागावर कामास लागले. मी आयुष्यात एकाही मेंढराचा कान धरलेला नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरले होते. अधिकाराचे ते वाक्य वाचताच टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतील एका प्राध्यापकांनी मान डोलावली, ती मला आजही दिसते. मी कागद मिटण्यापूर्वीच क्षमाताईंनी ध्वनिक्षेपक हाती घेतला. त्या प्रसंगातील धनगर हा नट नसून जतकडील खराखुरा मेंढपाळ आहे, चित्रीकरणाच्या वेळी त्याचा कळप त्याच पठारावर चरत होता आणि तो प्रसंग त्याच्याच सांगण्याप्रमाणे घेतला गेला, असे त्या म्हणाल्या. आज त्याचा सत्कार होता. मला कोणी हे आधी सांगितले नव्हते. मीही कोणास विचारले नव्हते.

शेवटच्या रांगेतून ते मेंढपाळ, धुळाआबा, उठले. मुंडासे, खांद्यावर घोंगडे, पायांत जाड वहाणा. ते मंचावर येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. कोणीतरी हसत विचारले, "मग आबा, चुकलं का तुमचं चालायचं?"

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले, आणि ते माझ्याकडे. एक वाक्य मी बोललो असतो तर त्यांचा मान त्यांचा राहिला असता. मी कागदाची घडी घालीत राहिलो.

"व्हय," ते म्हणाले. "शिकल्याला माणूस हाय. मेंढरं राखल्यात म्हंतोय. माजंच चुकलं आसंल."

लोक माझ्याकडे पाहून कौतुकाने हसले. पुन्हा टाळ्या झाल्या, आणि त्या आम्हा दोघांपैकी कोणासाठी होत्या हे विचारण्याची गरज नव्हती. आबांनी शाल व नारळ घेतला. कार्यक्रमाला आलेला शिवतेज मान खाली घालून बसला होता.

तदनंतर चहा देणे हे माझेच काम होते. आबांना कप देताना त्यांनी मला, कुणाचा तू, असे विचारले. मी वडिलांचे नाव सांगितले.

"वळखलं मी. तुज्या बानं मेंढरं इकली तवा मी हुतो की थितं. तू जल्मला बी नव्हतास."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. मग ते पुढे का चालले, हे मी त्यांना विचारले. जे मी लिहिण्याआधीच कोणास तरी विचारायला हवे होते.

"आरं गड्या, वळखीच्या वाटंला मागनं चालायचं. पर पान्यात मेंढरू आपनहून पाय घालीत न्हाई. कोकरू उचलायचं, पुढं व्हायचं. आई कोकरामागं येती, बाकीची तिच्यामागं. वळून बगितलं की थबकत्यात."

"मग आबा, हे तिथं का बोलला नाहीत?"

"तुजी मान खाली गेली आसती. तुला रोज हितंच ऱ्हायाचं हाय. माजी मेंढरं पलूसला रानात बसवल्यात, मी निघालो."

जाता जाता त्यांनी एवढेच म्हटले, की ओढ्यातून वर आल्यावर चित्रात लगेच मेंढरांची लोकर कोरडी दिसते; भिजलेले मेंढरू दोन दिवस वाळत नाही. मी तो चित्रपट चार वेळा पाहिला होता.

वाचलेले टिपण महिनाभर फलकावर लावण्याचा आमच्याकडे प्रघात आहे. ते मी स्वहस्ते लावले, आणि दोन दिवस त्याच्यासमोरून झाडू मारीत गेलो. तिसऱ्या दिवशी ते उतरवून नवे लिहिले. चौथ्या दोषाच्या जागी लोकरीचा दोष घातला, आबांचे नाव देऊन, आणि खाली लिहिले, "मी मेंढरे कधीही राखलेली नाहीत." क्षमाताईंनी ते वाचले व चार टाचण्या माझ्या हाती दिल्या. टाळ्या वाजविणारी माणसे मात्र फलक वाचावयास आली नाहीत.

म्हणून रविवारी मी पलूसला गेलो. तोडलेल्या उसाच्या रानात खतासाठी कळप बसवला होता. आबा बांधावर टेकले आणि त्यांनी सारे दोष ऐकून घेतले. माझ्या कबुलीच्या वाक्याला त्यांनी नुसता हुंकार दिला.

"दोष झालं," ते म्हणाले. "आता त्यात चांगलं काय हाय, त्ये वाच."

मी वाचले. ते दोनच ओळींचे होते. वाचून संपले तरी आबा कानामागे हात धरून, पुढचे ऐकण्यासाठी तसेच बसून होते.