उत्तर न देणारी तार

मित्रांनो, आष्ट्यातल्या एका स्कॅन सेंटरच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. मी एक जुना स्विच. पंख्या-दिव्याचा नव्हे, सगळ्या संगणकांच्या तारा जिथे येऊन मिळतात, तो डबा. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवणे, एवढेच माझे आयुष्य.

मला इथे अश्फाकने आणले. सेंटर त्याचे आणि त्याची बायको फिरदोसचे. माझ्या तारांना जोडलेले काही संगणक जुने, धिमे होते, काही नवे, चपळ. त्यांचा मेळ घालणारा प्रोग्राम अश्फाकनेच लिहिला. स्कॅनचे प्रत्येक चित्र आधी त्याच्या संगणकाला विचारी. तो होकार देई, मगच ते सांगलीच्या डॉक्टरांकडे जाई. तेव्हा माझेही फार कौतुक होते.

मग एका उन्हाळ्यात अश्फाक तापाने गेला. फिरदोसने त्याच्या संगणकावर चादर घातली, पण तार काढली नाही. बंद संगणकाच्या तारेतही थोडी धुगधुगी उरते, मित्रांनो. माझ्या अंगावरचा त्याचा दिवा जळतच राहिला. आणि प्रोग्राम दर चित्राला विचारत राहिला, 'अश्फाकचा संगणक कुठे आहे?' तो प्रश्न मी प्रत्येक तारेच्या दाराशी नेई. कुणी बोलत नसे. वाट पाहून पाहून चित्र पुढे सुटे, आणि पुढच्या चित्राला पुन्हा तीच हाक. लोक मात्र मलाच म्हातारा म्हणत आणि थापट्या मारत.

एका सकाळी हंबीररावांना आणले. उसाच्या ट्रॉलीवरून पडून त्यांच्या मानेला मार बसला होता. सांगलीचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "चित्रं बघितल्याशिवाय हलवू नका. मणका सरकला तर हातपाय जातील."

चित्रे शेकडो होती. ती थेंबाथेंबाने जाऊ लागली. तिकडे हंबीररावांची बोटे बधिर होत चालली.

अश्फाकची बहीण समीना पुण्यात प्रोग्राम लिहिते. ती नेमकी घरी आली होती. पडद्यावर काही वेळ पाहून ती हळूच म्हणाली, "भाभी, तारा चांगल्या हायत. दर चित्रामागं भाईच्या मशीनला हाक जाती. तेवढी ओळ काढू?"

"त्याला इचारल्याबिगर इथनं कवाच काय गेलं न्हाई," फिरदोस म्हणाली.

हंबीररावांची बायको बनुबाई दारात उभी होती. "आवं बाई, तुमचं दुःख मला कळतंय," ती म्हणाली. "पर माझा माणूस अजून हाय."

फिरदोस चादरीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काढ."

समीनाने ओळ काढली. माझ्या अंगातून चित्रांचा लोंढा गेला. इतका वेग माझ्यात होता, हे मलाही ठाऊक नव्हते. डॉक्टरांचा फोन आला: मानेला पट्टा बांधा, ती हलू देऊ नका आणि थेट सांगलीला घेऊन या. पुढे हंबीरराव स्वतःच्या पायांनी चालत आले आणि फिरदोसच्या हाती गुळाची ढेप देऊन गेले.

आता मला कुणी थापटत नाही. पण चित्र सुटताना फिरदोस अजूनही क्षणभर थांबते, कान देते. मीही देतो. ती हाक बंद झाली आहे, आणि तरी ती मला सगळ्या तारांतून ऐकू येते.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसत जा. एखादे यंत्र अचानक मंदावले, तर त्याला मारू नका. ते कुणाची वाट पाहते आहे, ते आधी बघा. आणि तो आता येणार नाही, हे त्याला मायेने सांगा.