अकुशल हाताचं घर

“ते एक वाक्य खोडा साहेब, मगच सही करते,” मी कर-अधिकाऱ्याला म्हटलं. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं टेबलाखालून माझा हात दाबला. दाबू देत! आज मी गप्प बसणार नव्हते.

घर माझ्या नावावर, म्हणून अपीलही माझं. मालमत्ता कर एकदम तिप्पट आला होता. पाहणीला आलेला माणूस गाडीतून उतरलासुद्धा नाही; बसल्या जागेवरून ‘उत्तम दर्जाचा बंगला’ लिहून मोकळा. तीन खोल्यांचा बंगला! ह्यांचं काम सुटल्यापासून घर माझ्या शिवणावर चालतं. एवढा कर भरायचा तर घरच विकायला लागलं असतं. म्हणून पदरमोड करून स्वतंत्र मूल्यांकनकार बोलावला.

तो माणूस तसा सरळ. सकाळभर टेप लावून कोपरान् कोपरा मोजला. मग एक डोळा मिटून भिंतीकडे बघत म्हणाला, “वा! काय हात आहे हो!” ह्यांचा चेहरा असा काही खुलला म्हणून सांगू! आयुष्यभर ह्यांनी गवंडीकाम केलं लोकांकडे. आपलं घर मात्र सुट्टीच्या दिवशी रचत रचत अकरा वर्षांत उभं केलं.

आणि त्याच शहाण्यानं अहवालात लिहिलं, ‘बांधकाम अकुशल हाताचे’.

“अहो बाई, तुमच्याच फायद्याचं आहे,” अधिकारी वैतागला. “इंजिनिअरचा नकाशा नसला की असंच लिहितात. त्यामुळंच किंमत उतरलीय. खोडलं तर अपील फेटाळावं लागेल.”

“म्हणजे घर राखायचं तर त्याला नावं ठेवायची? या की एकदा बघायला! एक वीट इकडची तिकडं नाही!” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

अधिकाऱ्यानं पेन उचललं. “एवढा रकाना राहिलाय. गवंडी कोण होता?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेच बोलले.

“होता कोणीतरी, साहेब. नवशिका होता. काम येत नव्हतं त्याला.”

अधिकाऱ्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

“कर सही,” हे मला म्हणाले.

मी केली. कर उतरला, घर राहिलं. मेला तो रकाना!

गुडघ्यांमुळं हे रोज भिंत धरत धरत आत जातात. त्या दिवशी दारात जरा थांबले, आणि भिंतीला हात न लावता, तसेच लंगडत आत गेले.