निळी काच

अत-बाशी गावच्या बाजारात शामेनच्या फोटोच्या दुकानात एक समुद्र होता. पडद्यावर रंगवलेला, पांढऱ्या गलबतासकट. डोंगरातल्या माणसांनी समुद्र कुठला बघितलेला! पण लग्न असो की बारसं, सगळ्यांना त्या गलबतापुढेच उभं राहायचं असे. समुद्र शामेनने स्वतः रंगवला होता, आणि त्यानेही तो कधी पाहिला नव्हता.

शामेन कुठल्या शाळेत गेला नव्हता. सैन्यातून परतताना कॅमेरा घेऊन आला आणि चुकतमाकत शिकला. फोटो पुसट आला तर कुंचला घ्यायचा. भुवया काळ्या करायच्या, गालांवर लाली भरायची, मेंढपाळाच्या अंगावर कोट चढवायचा. लोक खूष असत. त्याची मुलगी कानिशाय मात्र हट्टाने दूर फ्रुंझे शहरात फोटोच्या शाळेत गेली. एक वर्ष काढून ती उन्हाळ्यात घरी आली होती, आणि दुसऱ्या वर्षाला तिला पाठवायचं नाही, हे शामेनने मनाशी ठरवून टाकलं होतं.

“वर्षभर शिकवलं तरी काय तुला?” चहा ओतता ओतता त्याने विचारलं.

“उजेड, आके,” ती बापाला म्हणाली.

“उजेड! तो तर इथे अंगणात सांडलेला असतो. त्यासाठी फ्रुंझेला जायचं? अगं, डोळा आईच्या पोटातून आणावा लागतो. तो शाळेत वाटत नाहीत.”

“डोळा आहे हो माझ्याकडे. पण डोळ्याला जे दिसत नाही ते कसं धरायचं, हे तिथे शिकवतात.”

“ते मांत्रिकाचं काम. आपण फोटोवाले. या सप्टेंबरला तू इथेच बसायचं, माझ्याजवळ.”

कानिशायने चहाचा पेला उचलला. बापापुढे किती बोलायचं, हे तिथल्या मुलींना कळत असे.

तेवढ्यात गावातली वयस्कर झूराकान अपा आली. एका हातात गरम बोरसोकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची पुरचुंडी, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेला फोटो. नवरा लढाईवर निघाला त्या दिवशी काढलेला. तो परतला नाही. त्याचं नाव तिने उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. बायका नवऱ्याचं नाव घेतच नसत. ‘माझा माणूस’ एवढंच म्हणे.

“शामेन, बघ रे, पार चालला. आता नुसता कागद उरेल.”

फोटो पिवळा पडला होता. खांदा, टोपीची कड आणि चेहऱ्याच्या जागी धुकं. फार वर्षांपूर्वी याच फोटोवरून शामेनने तिला मोठी तसबीर करून दिली होती. दिसलं नाही तिथे आपल्या मनाने भरलं होतं. झुपकेदार मिश्या, टाय, आणि मागे अर्थातच समुद्र.

“तसबीर आहे की भिंतीवर, अपा.”

“आहे. पण तिच्यात मी नाही. या फोटोत मीही आहे, तुला किती वेळा सांगितलं!”

शामेनने मान हलवली. हे तो तेव्हापासून ऐकत होता. विधवा बायका असं बोलतातच, असं त्याला वाटे. माणसाच्या बाजूला एक पांढरट डाग होता, तो त्याने तसबिरीत नीट झाकून टाकला होता.

कानिशायने फोटो खिडकीशी नेला, तिरपा धरला. मग पेटीतून बशीएवढी निळी काच काढली.

“आके, मला आजचा दिवस द्या.”

“निळ्या काचेने मेलेली माणसं दिसतात होय?”

“पिवळं जे असतं ना, ते या काचेतून काळं दिसतं. कागदावर जेवढं उरलंय तेवढं तरी सापडेल.”

“सापडलं नाही तर?”

“तर मी सप्टेंबरचं नाव काढणार नाही.”

कॅमेऱ्यापुढे निळी काच धरून तिने त्या जुन्या फोटोचा फोटो काढला. दुपारी कोठाराच्या खिडकीवर जाड लोकर टांगून तिने अंधार केला. लाल दिवा लावला. झूराकान अपा पिंपावर बसली, शामेन दारापाशी हाताची घडी घालून. तबकातल्या औषधाच्या पाण्यात कोरा कागद हेलकावत होता. मग आधी टोपी आली. मग कान, चांगले बाहेर आलेले. मिश्या नव्हत्याच, एक कोवळा, घाबरलेला, हसू दाबणारा मुलगा वर येत होता.

“हाच गं,” अपा पुटपुटली. “असाच कानाचा होता.”

आणि मग त्याच्या बाहीवर बोटं उमटली. बोटांमागून मनगट, मग डोक्याभोवती गुंडाळलेलं नव्या सुनेचं पांढरं एलेचेक. तंबूच्या पांढऱ्या लोकरीच्या भिंतीसमोर पांढरं डोकं. म्हणून तर ते कुणाला दिसलं नव्हतं. आता त्याच्याखाली हळूहळू एक चेहरा भरला. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, सरळ समोर बघणारी.

शामेनच्या हातांची घडी सुटली. आयुष्यभर त्याने तबकात चेहरे उगवताना पाहिले होते. पण स्वतःच्या कुंचल्याने झाकलेली मुलगी परत येताना तो पहिल्यांदाच पाहत होता.

“म्हटलं नव्हतं मी?” झूराकान अपा म्हणाली. रडत होती आणि हसतही होती. “किती वेळ उभी होते मी त्याच्याजवळ! आणि तुम्ही सगळे मला वेडी समजलात.”

“अपा, ती जुनी तसबीर मी उतरवून आणतो,” शामेन कसाबसा म्हणाला.

“खबरदार! त्या मिशीवाल्याशी भांडत मी मुलगा वाढवलाय. तो राहील तिथेच. ही नवी त्याच्या शेजारी लावू.” मग तिने तबकावर वाकून बघितलं. “पण माझे गाल किती फिके आलेत रे. लाली तू भर. हिला नाही जमायचं ते.”

कानिशाय हसली. “खरंच नाही जमत, आके. ते तिथे शिकवत नाहीत.”

शामेनने निळी काच उचलली, सदऱ्याला पुसली आणि दुकानात जाऊन आपल्या समुद्राकडे तिच्यातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कानिशाय मागे येऊन उभी राहिली, तरी त्याने काच डोळ्यावरून काढली नाही.

“सप्टेंबरात जाशील तेव्हा ही इथेच ठेवून जा,” तो म्हणाला. “तुला तिथे दुसरी मिळेल.”