मूठभर हिरवी माती

"सरांनी आज वर्गात अंडं फेकलं," लेक जेवता जेवता म्हणाली. "धरलेल्या चादरीवर. फुटलंच नाही."

"भिंतीवर फेकलं असतं तर फुटलं असतं," बाई म्हणाल्या. "त्यात काय मोठं?"

"तेच तर गं. चादर मागे जाते, अंड्याला थांबायला वेळ मिळतो, म्हणून मार कमी बसतो. सर भारीच शिकवतात."

बाईंनी उचललेला घास ताटात ठेवला. त्या स्वतः त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. टक्करींचा धडा त्यांनी इतकी वर्षं शिकवला होता की मुलं त्यांना पाठीमागे 'संवेगबाई' म्हणत. पण आईच्या वर्गात मुलगी नको, असा कॉलेजचा नियम. म्हणून लेक अकरावीला दुसऱ्या तुकडीत, नव्या सरांकडे गेली. हे सर म्हणजे कालचं पोर. संवेग म्हणजे धावत्या वस्तूतला जोर आणि आवेग म्हणजे तिला बसणारा धक्का, यात त्यांची हमखास गल्लत व्हायची. मग ते फळा पुसत हसायचे आणि वर्गही हसायचा. मुलांना त्याचंही कौतुक.

पूर्वी लेक रोज संध्याकाळी वही घेऊन स्वयंपाकघरात यायची. "आई, हे जरा सांग ना." बाई भाजी चिरता चिरता सांगायच्या. आता वही यायची बंद झाली होती.

"बरं झालं की, तुझी कटकट वाचली," नवरा म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सर प्रयोगशाळेत आले. "बाई, तुमच्या कपाटातल्या त्या दोन छोट्या गाड्या मिळतील का? उद्या टक्कर दाखवायचीय. तुम्हीही या ना बघायला."

"येईन की," बाई म्हणाल्या. विभागातल्या सर्वांत जुन्या म्हणून नव्या माणसाचा तास पाहणं हे त्यांचं कामच होतं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी भांडी विसळताना बाईंच्या डोक्यात ते आलं. सिंकखालच्या पाइपाचा सांधा गळायचा. तिथे त्यांनी लेकीच्या लहानपणची खेळायची हिरवी माती थापून ठेवली होती. बाईंनी ती मूठभर माती ओरबाडून काढली, खाली बादली सरकवली आणि गोळा पर्समध्ये टाकला. आपण हे काय करतोय, असं त्यांना वाटलं नाही असं नाही. पण कपाट उघडून एका गाडीच्या पोटाला माती चिकटवेपर्यंत त्यांचे हात थांबले नाहीत.

तासाला बाई शेवटच्या बाकावर बसल्या. लेक तिसऱ्या बाकावर होती. तिची वेणी सकाळी बाईंनीच घातली होती.

"दोन्ही गाड्या सारख्या वजनाच्या," सर म्हणाले. "ही जाऊन तिच्यावर आपटेल. आपटणारी जागच्या जागी थांबेल आणि तिचा सगळा वेग पुढचीला मिळेल. बघा हं."

गाडी सुटली, आपटली आणि मागे आली. पुढची जेमतेम हलली. वर्गात खसखस पिकली. सरांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. त्यांचे कान लाल झाले. बाईंच्या काळजात गार गार झालं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं त्यांना.

तेवढ्यात लेक उभी राहिली.

"सर, पुढची जड आहे. हलकी जडवर आपटली की मागे येते."

"हे कुठे वाचलंस?"

"वाचलं नाही. मी लहान होते तेव्हा आईने दाखवलं होतं. जेवणाच्या टेबलावर, गोट्यांनी."

सगळा वर्ग बाईंकडे वळला. सर खुशीत म्हणाले, "वा, बाई!" आणि त्यांनी गाडी उलटी केली. पोटाला हिरवी माती होती.

लेकीने माती पाहिली. मग मागे वळून आईकडे पाहिलं. बाईंना खाली बघायचं होतं, पण मान वाकेना.

"ही कुणी लावली?" सरांनी विचारलं.

"आधीच्या बॅचची राहिली असेल, सर," लेक म्हणाली. "द्या, मी टाकते."

नंतर प्रयोग झकास जमला. मागची गाडी खट्कन थांबली, पुढची टेबलाच्या टोकापर्यंत गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

संध्याकाळी लेक घरी आली. हिरवा गोळा तिने ओट्यावर ठेवला.

"सिंक गळतंय," एवढंच म्हणाली आणि बाहेर टेबलाशी जाऊन बसली.

बाई गुडघ्यांवर बसल्या. बादली काठोकाठ भरली होती. त्यांनी डोकं सिंकखाली घातलं आणि माती सांध्यावर दाबायला लागल्या. माती वाळली होती, चिकटेना. बाहेर पानं उलटल्याचा आवाज येत होता. पोरीने दोन शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळाने पावलं वाजली. लेक वही घेऊन दारात उभी होती.

"आई, संवेग आणि आवेग. यातला फरक जरा सांग ना."

तिला तो गोट्या खेळायच्या वयापासून पाठ होता. बाईंनीच पाठ करून घेतला होता.

"संवेग अंगात असतो," बाई सिंकखालूनच म्हणाल्या.

"आणि आवेग?"

"तो अंगावर येतो."

"बरं," लेक म्हणाली आणि तिथेच फरशीवर बसून लिहायला लागली. बाईंनी डोकं बाहेर काढलं नाही. सांधा अंगठ्याने धरून त्या तशाच राहिल्या.