तात्पर्याखालच्या सहा ओळी

मी एक जुनी कादंबरी आहे. दोनशे बारा पानांची, पाठीला कापडाची पट्टी लावलेली. मित्रांनो, म्हातारी वस्तू आपली कहाणी सांगायला बसली की आवाज हळवा करते. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो गिळून आणखी पिवळं पडायची माझी इच्छा नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसाने माझं शेवटचं पान जुळवलं आणि शाईच्या हाताने डोळे पुसले. दिवसभर गालावर काळा डाग घेऊन तो हिंडत होता. ती माझी पहिली शाबासकी.

माझ्या पानांत एक सुईण राहते. गावात साथ येते, घराघरांची दारं लागतात. साथीच्या घरात एक बाई अडलेली असते. वडीलधारे सुईणीला बजावतात, तिकडे पाऊल टाकायचं नाही. ती जाते. रात्रभर त्या बाईचा हात धरून गुणगुणते:

ये रे जिवा, ये उजेडी, दार तुझं मी धरते,
तुझ्या पहिल्या रडण्यानं झोळी माझी रे भरते.

बाळ जगतं. सुईण तापाने फणफणत भावाच्या घरी परतते, कारण तेच तिचं घर. दार बंद असतं. सकाळी ती उंबऱ्याशी मेलेली सापडते. त्यानंतर माझ्यात सहा ओळी उरतात, आणि त्या सहा ओळींसाठीच आधीची सगळी पानं लिहिलेली आहेत.

शाळेच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षं सुखाने काढली. कुणी माझ्यावर चहाचा पेला टेकवला, कुणी मला उशाशी घेऊन झोपलं. शेवटच्या पानावर पोरं गप्प व्हायची. मला तेवढं पुरायचं.

मग बोधसर आले. हे निवृत्त मुख्याध्यापक, आता शाळेच्या समितीवर. प्रत्येक गोष्टीतून बोध काढायचे म्हणून मुलांनी नाव ठेवलेलं. त्यांनी ठरवलं, जुन्या थोर पुस्तकांच्या शेवटी तात्पर्याची चिठ्ठी हवी, नाहीतर मुलांना काय शिकायचं ते कळणार कसं? एका आठवड्यात त्यांनी चाळीस पुस्तकं उरकली. पद्धत सोपी होती. शेवटाकडची पानं उघडायची, कोण मेलं ते पाहायचं. मेला तो चुकला, उरला तो शहाणा.

माझ्या शेजारच्या नाटकात राजा आपल्या लेकीच्या प्रेताशी बसून प्राण सोडतो. त्याला चिठ्ठी मिळाली: ‘उतारवयात प्रकृतीस जपावे.’ पलीकडच्या कादंबरीत एक सरदार चार गावं जाळतो आणि नव्वदाव्या वर्षी गादीवर पडून सुखाने मरतो. सरांनी लिहिलं: ‘नियमित जीवनाने आयुष्य वाढते.’ हसलात ना? मीही हसले होते. मग माझी पाळी आली.

‘तात्पर्य: वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडणाऱ्याचा शेवट वाईट होतो.’

माझ्या शेवटच्या पानावर मोकळी जागा नव्हती. म्हणून सरांनी खळ लावून चिठ्ठी त्या सहा ओळींवरच डकवली. चार वर्षं मी तशी राहिले. कुणी तुमच्या तोंडावर हात दाबून धरावा आणि तुमच्याच नावाने खोटं बोलावं, तसं. मुलं वाचायची, मान डोलवायची, तात्पर्य वहीत उतरवून घ्यायची. माझी सुईण दर आठवड्याला नव्याने मरत होती आणि दर आठवड्याला तिचीच चूक निघत होती.

एकदा सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत मला वाचू लागली. तिसऱ्या दिवशी ती चिठ्ठीपाशी पोचली. तिचं बोट त्या अक्षरांवर थांबलं ते हलेचना. मग ती मला घेऊन ग्रंथपाल बाईंच्या टेबलाशी गेली.

तिने सांगितलं की तिची आई रुग्णालयात परिचारिका होती. साथ आली तेव्हा घरचे म्हणाले, रजा टाक. आई कामावर गेली. एका पहाटे ती अंगात ताप घेऊन दाराशी आली, असं शेजारी सांगतात, पण घरात सगळ्यांना गाढ झोप लागली होती म्हणे, कुणाला ऐकूच गेलं नाही. आई चालत परत रुग्णालयात गेली. पाचव्या दिवशी निरोप आला. तेव्हापासून आत्या येता-जाता म्हणते, ऐकलं असतं तर आज असती.

एवढं सांगून मुलगी म्हणाली, “बाई, माझ्या आईचंही हेच तात्पर्य का?”

बाईंनी मला तिच्या हातातून घेतलं. त्यांच्यावरही माझा राग होताच, चार वर्षं त्यांनी ही चिठ्ठी पाहून माझ्यावर तारखेचे शिक्के मारले होते. पण त्या दिवशी त्यांनी कापूस ओला केला आणि चिठ्ठीवर ठेवला. अर्ध्या तासाने ती कडेने सुटू लागली. सुटताना माझे दोन शब्द सोलून घेऊन गेली. दुखलं. बाकीच्या ओळी मोकळ्या झाल्या.

तेवढ्यात सर आले. चिठ्ठी काढायला समितीची परवानगी घेतली का, असं त्यांनी विचारलं.

“सर, हे पुस्तक तुम्ही वाचलंय?” बाई म्हणाल्या.

“ती मेली, इथवर वाचलं.”

“त्याच्यापुढेच तर आहे सगळं.”

सर म्हणाले, मुलांना एवढं खोल काय कळतं. मुलगी तिथेच उभी होती. तिने मला छातीशी धरलं आणि घरी नेलं.

संध्याकाळी आत्या भाजी निवडत बसली होती. मुलगी समोर बसून शेवटचं पान मोठ्याने वाचू लागली. सुईणीचा भाऊ बोलतो आहे, हे तिने आधी सांगितलं.

“‘दार आतून बंद होतं. मी जागा होतो. तिने तीनदा हाक मारली, तिसऱ्यांदा माझ्या लहानपणीच्या नावाने. गावाला सांगा, ती कुणाची आज्ञा मोडली म्हणून मेली नाही. दाराची कडी...’ आत्या, इथले दोन शब्द निघून गेलेत. पुढे नुसतं ‘होती’ आहे.”

आत्याचे हात थांबले होते.

“मी लावली,” ती म्हणाली.

“अगदी बरोबर बसतंय. तू वाचलंयस हे?”

“नाही गं,” आत्या म्हणाली. “मी पुस्तकातलं नाही सांगत.”

मुलीने मला मिटलं. तिने विचारलं, आईने कितीदा हाक मारली होती. आत्याने तेही सांगितलं.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, मला वाळवीपासून जपा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. कुणी मेलं की त्याचं काय चुकलं ते शोधायला सगळे धावतात. दाराची कडी कोणाच्या हातात होती, हे विचारायला कुणी येत नाही. तुम्ही विचारा. आणि विचारण्याआधी एकदा आपले हात बघा.