ओळ कोणाच्या तोंडची?

मित्रांनो, मला उघडण्याआधी कोणता शब्द हवा आहे आणि कशासाठी, ते सांगा. रागावू नका, संशय हा माझा जुना स्वभाव आहे. मी पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, शब्दसूची, वयाने तुमच्या आजोबांहून मोठी. शास्त्रातला कोणताही शब्द माझ्यात शोधा. तो कुठे कुठे आला ते मी सांगते, शेजारी त्या ओळीचा तुकडाही देते. छापखान्यातल्या चार कामगारांनी शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून मला घडवले.

तरुणपणी माझे फार कौतुक झाले. लोक मला उसने मागून नेत. पण बहुतेक जण काय म्हणायचे ते घरूनच ठरवून येत आणि माझ्याकडे फक्त साक्षीदार मागत. दुधाने तोंड पोळले, तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते.

माझा शेवटचा मालक त्याच छापखान्यात मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची कच्ची पाने, तपासत असे. दुसऱ्यांच्या चुका शोधणे हाच त्याचा धंदा. ओळीखाली पट्टी धरायची, खालचा मजकूर झाकायचा, ओळ तपासून पट्टी सरकवायची. काम चोख होई. पण तो शास्त्रही तसेच वाची, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्याच घरात त्याची धाकटी भावजय राही. ती शिवणकाम करी. एका वर्षी तिच्या चार वर्षांच्या मुलीला ताप आला. ताप उतरला, पण मुलीला ऐकू येईनासे झाले. सगळे रडले. मालकाने मात्र मला उघडले, 'निरपराध' या शब्दावर बोट ठेवले आणि भावजयीला हाक मारली.

"हे बघ. निरपराध माणसाचा नाश होत नाही, स्वच्छ छापलंय इथं. म्हणजे तुझ्याच हातून काहीतरी घडलंय. रविवारी उपासनेत सगळ्यांपुढे उभी राहा आणि कबूल कर."

"पण काय कबूल करू, भाऊजी?"

"ते तुझं तुला माहीत."

तिचा नवरा पायात चपला सरकवून बाहेर निघून गेला. ओळीचा तुकडा माझाच होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तीन दिवस ती बिचारी आपलेच पाप शोधत राहिली. एकदा गिऱ्हाइकाचे उरलेले कापड ठेवून घेतले होते, एकदा सासूला उलट बोलली होती. एवढ्यासाठी लेकीचे कान गेले?

शनिवारी दुपारी तिने मला उघडले. आली ही पण सोयीची ओळ हुडकायला, असे मला वाटले. तिने तीच ओळ काढली, शास्त्रातली जागा उघडली, पण तिथे न थांबता पाने मागे उलटली. पूर्ण कापड पसरल्याशिवाय ती कधी कात्री लावत नसे.

"पण हे बोललं कोण?" ती पुटपुटली.

ते राखेत बसलेल्या एका दुःखी माणसाचे पुस्तक होते आणि ती ओळ त्याला भेटायला आलेल्या मित्रांपैकी एकाची होती; दुःख आले म्हणजे पाप तुझेच, असे ते त्या निर्दोष माणसाला बजावत होते. ती पहिल्या पानापासून वाचत गेली. संध्याकाळी शेवटच्या अध्यायाला पोहोचली. तिथे देव त्या मित्रांवरच रागावला होता, कारण ते देवाविषयी खरे बोलले नव्हते.

शास्त्र घेऊन ती मालकापुढे उभी राहिली.

"ओळ तर तीच आहे," तो म्हणाला.

"ओळ तीच आहे, भाऊजी. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा माणसाची आहे. पुढं वाचा."

त्याचा हात पट्टीकडे गेला. तिने ती उचलून बाजूला ठेवली. तो वाचू लागला आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला. त्या मित्रांना क्षमा हवी असेल, तर दुःखी माणसानेच त्यांच्यासाठी प्रार्थना करायची होती.

"मग... करशील माझ्यासाठी प्रार्थना?" त्याने खाली मान घालून विचारले.

"करीन," ती म्हणाली. "पण आज नाही."

रविवारी ती मुलीला मांडीवर घेऊन उपासनेला बसली. कबुलीसाठी उभी राहिली नाही.

मित्रांनो, आता शब्द शोधायला तुमच्याकडे फोन आहे आणि मी कपाटावर धूळ खात पडले आहे. फोनचाही मला संशय आहे, कारण ओळ तोही तोडूनच देतो. माझी पाने जपा, असे मी म्हणत नाही. मी फक्त जागा दाखवते. तिथे जा, कोण कोणाला बोलतो आहे ते आधी नीट वाचा. आणि समोर कोणी रडत असेल, तर मला उघडूच नका.